सात मिलिमीटरची ऊब

डायव्हिंगच्या सूटसाठी ‘सेमीड्राय’ हे नाव ज्यानं काढलं त्याला दाद द्यायला हवी. अर्धं कोरडं म्हणजे उरलेलं अर्धं ओलंच, हे पाण्यात उतरेपर्यंत गिऱ्हाइकाच्या ध्यानात येत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपाशी, स्कापा फ्लोमध्ये, 1919 साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेली जहाजं बघायला हौशी डायव्हर जातात. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही जेमतेम बारा-तेरा अंश, आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. तरी दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला: किती मिलिमीटर जाड? जणू गोधडीच घ्यायची आहे. खरी ऊब धरतात ते सूटच्या निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे, आणि खाली जाल तसे पाण्याच्या दाबानं ते चेपतात. दहा मीटरवर दाब दुप्पट, तीस मीटरवर चौपट. मोठ्या युद्धनौका त्याहूनही खाली. तिथं पोचेपर्यंत तुमचे सात मिलिमीटर चांगलेच चेपलेले असतात.

मग आणखी जाड घ्यावा? घ्या, पण तो वर तरंगवतो, म्हणून कमरेला शिसंही जास्त बांधा. पाणी आत येऊच न देणारा ड्रायसूट उत्तम, पण तो महाग आणि वेगळं प्रशिक्षण मागणारा. म्हणजे सेमीड्राय अगदीच टाकाऊ नाही. मनगट, घोटे आणि गळ्याशी तो घट्ट बसला, तर आत शिरलेलं पाणी सारखं बदलत नाही. तेव्हा आरशासमोर मिरवण्याआधी एकदा खाली वाका. पाठीच्या खळग्यात सूट फुगला, तर तो तिथंच काढून ठेवा.