तुळईचं पुनर्वसन

मुंबईत बंदराकाठची जुनी इमारत पाडायला घेतली की सर्वांत आधी सुखरूप बाहेर पडते ती बर्मा सागाची तुळई. तिला ट्रान्झिट कॅम्प नाही, तिचं भाडं थकत नाही. भाडेकरूंचं पुढचं बिऱ्हाड ठरायच्या आत तिचा सौदा झालेला असतो.

मग खिळे उपटायचे, चुना खरवडायचा. भोकं मात्र बुजवायची नाहीत, ही सक्त ताकीद. लोखंडी खिळ्याभोवती सागाला धरलेला काळा डाग म्हणजे आता ‘कॅरॅक्टर’. इमारत उभी असताना त्याच डागाकडे बोट दाखवून रहिवासी विचारायचे, ‘दुरुस्ती कधी करणार?’

माल अस्सल, यात वाद नाही. सागातल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि शंभर वर्षं सुकलेलं लाकूड पिळवटतही नाही. शिवाय नव्या झाडाला हात लागत नाही.

फक्त ‘नैतिक लाकूड’ हे बिरूद जरा जपून मिरवावं. १८८५ साली सागाच्या ओंडक्यांवरून बर्माच्या थिबा राजाच्या दरबारानं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं, त्याची राजधानी मंडाले पडली. राजाची रवानगी झाली रत्नागिरीला. तिथला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथंच वारला. साग मात्र मुंबईला येतच राहिला.

आता त्याचं कॅफेतलं टेबल झालंय. कॉफीच्या कपाखाली कोस्टर ठेवायला सांगतात. लाकडाला डाग पडतो म्हणे.