ऑल ओके रिपोर्ट

फौजेतून निवृत्त झालेला माणूस आजारी नसतो. त्याला साखर असते, बीपी असतो, पावसाळा यायच्या आठ दिवस आधी त्याचे गुडघे तशी वर्दी देतात, तोफांच्या आवाजानं एक कान गेलेला असतो. पण आजारी तो नसतोच. खिडकीशी येतो, पाठ ताठ करून उभा राहतो आणि मी "कसं काय, साहेब?" विचारायच्या आत सांगून मोकळा होतो, "ऑल ओके."

यात त्याचा दोष नाही. उमेदीची सगळी वर्षं रोज पहाटे हाच रिपोर्ट दिलेला असतो. शिवाय फौजेत 'शेप वन' नावाची एक चीज असते. मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे अशी पाच खाती. पाचही पहिल्या नंबरात असली की माणूस शेप वन. एखादं खातं घसरलं की 'लो मेडिकल कॅटेगरी', आणि मग बढतीचा घोळ. त्यामुळे दुखणं झाकायची कला ही बंदूक साफ करण्याइतकीच मुरलेली. निवृत्तीनंतर बंदूक जमा होते. ही कला जमा करून घेणारं खातं मात्र सरकारनं अजून काढलेलं नाही.

मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधांच्या खिडकीमागे बसते. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. निवृत्त सैनिक, त्याची बायको, विधवा, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि आईबाप असा सगळा गोतावळा एकेका कार्डावर येतो. माझ्या पदाचं नाव साधं 'फार्मासिस्ट' आहे. शिक्षण मात्र फार्म. डी., सहा वर्षांचं. हा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाला आणि त्यात रुग्णाजवळ बसून औषधांचा विचार करायला शिकवतात. कोणती गोळी कोणत्या गोळीशी भांडते, कोणती उपाशीपोटी चालत नाही, कोणती बंद केली तरी चालेल, याला क्लिनिकल फार्मसी म्हणतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत या विद्येचे लोक ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतः औषध लिहितात, मात्रा कमी-जास्त करतात. मी डॉक्टरांच्या टेबलावर चिठ्ठी नेऊन ठेवते आणि "सर, जरा बघता का?" म्हणते. सर बघतात. बऱ्याचदा बदलतातही. यापेक्षा मोठा अधिकार मिळाला तर काय करायचं, हे मलाच कळणार नाही.

हे घरी समजावणं अवघड. पोहरादेवीला, आमच्या गावी, गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मेडिकल कधी टाकते?" औषधाचं शिकलेल्या माणसानं मानोऱ्याच्या नाहीतर दिग्रसच्या स्टँडसमोर मेडिकल टाकावं, ही आमच्याकडची मोक्षाची कल्पना. दुसरा प्रश्न, "तू डॉक्टर हाय का नाई?" फार्म. डी. झालेल्यांनी नावामागे डॉक्टर लावावं की नाही यावर शिकलेल्या लोकांत अजून वाद आहेत, तिथे आमच्या बंजारा तांड्याला काय सांगू? आमच्या याडीनं, म्हणजे आईनं, तो प्रश्न केव्हाच निकाली काढलाय. ती सांगते, "पोरगी फौजेत हाय." यातलं अक्षरसुद्धा खरं नाही, पण ऐकणाऱ्याचं समाधान होतं.

आणि थोडं मागे गेलं तर याडीचं अगदीच खोटं म्हणता येत नाही. बंजारा माणूस पिढ्यान् पिढ्या फौजेच्या मागेच होता. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य लादून तांडे लष्कराला रसद पोचवायचे. टिपूवर चालून गेलेल्या कॉर्नवॉलिसच्या फौजेला त्यांनी धान्य पुरवलं. १८०३ मध्ये आमच्याच वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडला लढणारा आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्याची काळजी सारखी डोकावते. नेपोलियनला हरवणाऱ्या माणसाला आमच्या बैलांची वाट पाहावी लागत होती, हे मला आवडतं. धान्याइतकंच आमच्या लोकांनी मीठ वाहिलं, किनाऱ्यापासून थेट देशाच्या पोटात. आता त्यांची ही नात रोज सकाळी नऊपासून फौजी लोकांना "मीठ कमी करा" म्हणून सांगत बसते. पूर्वजांचा धंदा बुडवण्याचं काम सरकारी पगारावर चाललंय.

खिडकीवरचं निम्मं काम रंगांचं असतं. औषधं सरकारी पुरवठ्यातून, रासायनिक नावानं येतात; कंपनी बदलली की तीच अॅम्लोडिपिन कधी गोल पांढरी, कधी पिवळट. फौजी माणूस गोळी नावानं ओळखत नाही, वर्दीवरून ओळखतो. वर्दी बदलली की त्याला शंका. "मॅडम, ही आपल्या युनिटची नाही वाटत." मग मी गोळ्यांच्या पत्त्यावरचं बारीक नाव दाखवते, तो चष्मा वर करून वाचतो आणि माझ्यावर उपकार केल्यासारखी ठेवून घेतो. खरा घोटाळा पुढे असतो. साठ्यात औषध नसलं की चिठ्ठीवर 'एनए' पडतं आणि ते बाहेरच्या ठरवून दिलेल्या केमिस्टकडून येतं, भारी नावानं, चकचकीत पत्त्यात. पुढच्या महिन्यात आमचंही येतं. दोन नावं, दोन रंग, म्हणजे दोन औषधं, असा हिशेब करून एखादे सुभेदार साहेब दोन्ही इमानदारीनं घेतात आणि मग बीपी इतका खाली जातो की अंगणात चक्कर. म्हणून मी सगळ्यांना थैली आणायला लावते. घरात आहे ते सगळं: गोळ्या, मलमं, मुलानं पुण्याहून पाठवलेले जीवनसत्त्वांचे डबे, शेजाऱ्यानं दिलेलं चूर्ण. एका सुभेदारांनी टेबलावर रुमाल अंथरून त्यावर सगळं ओळीत मांडलं, पत्त्यांच्या कडा सरळ रेषेत, किट इन्स्पेक्शनला मांडतात तसं. तपासणी होईपर्यंत बाजूला विश्राममध्ये उभे. त्यांच्या मांडणीत एक उणीव होती: टेल्मिसार्टनच्या सगळ्या गोळ्या पत्त्यातून काढून स्टीलच्या डबीत भरलेल्या. ही गोळी हवेतली ओल ओढते, घ्यायच्या वेळीच फोडायची असते. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा कॅम्पमध्ये गंजकी रायफल सापडल्यासारखा झाला.

हुकूम मात्र हे लोक पाळतात. इतका पाळतात की हुकूम देताना भीती वाटते. "रात्री झोपताना घ्या" म्हटलं की झोप आली नसली तरी गोळी घेऊन ठरल्या वेळी दिवा बंद. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सुरू झालं की रात्री खाटेवरून झटक्यात उठू नका, असं बजावावं लागतं, कारण उठताना रक्तदाब घसरतो. आता फौजी माणसाला हळूच उठ म्हणणं म्हणजे त्याच्या अख्ख्या प्रशिक्षणाचा अपमान. मग मला त्यांचीच कवायत सापडली. नव्या रंगरुटाला प्रत्येक हालचाल तोडून तोडून 'गिनती से' शिकवतात. मी एका साहेबांना म्हटलं, "साहेब, गिनती से उठायचं. एक म्हटलं की बसा. दो म्हटलं की पाय खाली सोडा, जरा थांबा. तीन म्हटलं की उभे." त्यांनी मान डोलावली. पुढच्या वेळी त्यांच्या घरच्या काकू तक्रार घेऊन आल्या, "रात्री दोन वाजता 'एक, दो, तीन' वरडतेत. शेजारी इचारतेत, काय झालं जी?"

एकदा एका हवालदारांनी अगदी खालच्या आवाजात मला रिपोर्ट दिला की मेटफॉर्मिनची गोळी जशीच्या तशी परत येते आहे. कुठून परत येते हे सांगताना त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. हे खरं असतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचं औषध आत सुटतं आणि रिकामं कवच तसंच बाहेर पडतं. "म्हणजे माल उतरवून गाडी परत आली," ते म्हणाले. माझ्या प्राध्यापकांना हे इतक्या थोडक्यात जमलं नव्हतं.

ऐंशीच्या पुढचे काही जण अजून 'एपीसी' मागतात. त्यांच्या काळी डोकं दुखो, पाय दुखो की पोस्टिंगचं दुःख असो, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, ही एकच गोळी मिळायची: अॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन. त्यातलं फेनासेटिन मूत्रपिंडाचा घात करतं असं निघालं आणि ती गोळी गेली. एका आजोबांना हे समजावलं, तर म्हणाले, "पण बेटा, तिनं बरं वाटायचं." बरं वाटण्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

कॅन्टीनच्या दारूची गोष्ट टाळणं बरं नाही. मेट्रोनिडाझोलचा कोर्स लिहिला की "यावर दारू चालत नाही" हे मी मोठ्यानं सांगते, बाकावरच्या काकूंना ऐकू जावं अशा बेतानं. "किती दिवस?" "पाच." बोटं मोजली जातात. "म्हणजे शनिवारी संध्याकाळी..." "नाही साहेब, कोर्स संपल्यावरही तीन दिवस." चेहऱ्यावर जे उमटतं ते सुट्टी रद्द झालेल्या जवानाचंच.

खरी गुप्तवार्ता त्या बाकावरच बसलेली असते. साहेब खिडकीत "नियमित घेतो" म्हणत असतात आणि मागे काकूंची मान डावीकडून उजवीकडे हलत असते. मी बाई असल्याचा इथे फायदा होतो. साहेब ब्लड प्रेशर मोजायला आत गेले की काकू जवळ सरकतात आणि तीन मिनिटांत सगळं ओततात: लघवीची गोळी गावाला जायच्या दिवशी घेत नाहीत, बसमध्ये पंचाईत होते म्हणून, संध्याकाळच्या इन्सुलिनचं "विसरलो" सांगतात, पण सुई नको असते, झोपेत ओरडतात, कुणाला तरी मागे बोलावतात. शेवटचं कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. ते मी डॉक्टरांना सांगते, आणि ते पुढे मोठ्या रुग्णालयात कुणाकडे पाठवायचं ते पाहतात. साहेब बाहेर येतात तेव्हा आम्ही दोघी लोणच्याबद्दल बोलत असतो.

रामनवमीला मी पोहरादेवीत असते. एरवी हे गाव छोटं, निवांत. संत सेवालाल महाराजांची, आमच्या सेवाभायाची, समाधी, जगदंबा मातेचं मंदिर आणि अलीकडे नंगाऱ्याच्या आकाराचं भव्य संग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पण चैत्रात इथे अख्खा बंजारा मुलूख उतरतो, तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातून. ट्रक, ट्रॅक्टर, पांढरे झेंडे, आरशांच्या फेटियांचा, म्हणजे घागऱ्यांचा, लखलखाट, आणि डोक्यावर वऱ्हाडचं ऊन, जे कुणालाच सवलत देत नाही. या गर्दीत माझे खिडकीवरचे लोक मला बरोबर हुडकतात आणि कुणी खिशातून पत्ता काढून दाखवतं, "मॅडम, ही उपाशीपोटी का?" याडीला या क्षणाचा फार अभिमान. इन्सुलिनवाल्यांना मी आधीच सांगून ठेवलेलं असतं की चालू शिशी गाडीच्या डिकीत ठेवू नका. बर्फ नसला तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवा.

यंदा दर्शनाच्या रांगेत एक निवृत्त हवालदार दिसले. आमच्याच क्लिनिकचे, आमच्याच समाजाचे. रांगेत त्यांच्याइतकं सरळ दुसरं कुणी उभं नव्हतं. पण सदरा घामानं चिंब आणि हाताची बोटं थरथरत होती. "काय होते?" "काही नाही." समोरच्या माणसावर मात्र विनाकारण खेकसले. काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "उपास हाय, बारा वाजेलोक. पण गोळी सकाळीच घेतली. तुम्हीच तर सांगितलं ना, की गोळी चुकवाची नाई."

ग्लिमेपिराइड. पोटात अन्न असो नसो, ती आपलं काम करते आणि रक्तातली साखर खाली ओढते. उपासाच्या दिवसाचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं असतं, ही ओळ सगळ्यांना सांगितलेली असते; पण आधीची ओळ हुकमासारखी होती आणि ही सल्ल्यासारखी, त्यामुळे हुकूम जिंकला. साखर हवी होती, ताबडतोब. काकूंच्या पिशवीत गूळ होता, चांगला मोठा खडा, भोगाच्या लापसीसाठी आणलेला. काकू थबकल्या. भोग लागायचा होता. देवाच्या आधी माणसानं खायचं कसं? त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा समाधीच्या दिशेला, मग तो खडा दगडावर आपटून फोडला. "सेवाभाया समजून घेते," म्हणाल्या, आणि तुकडा त्यांच्या तोंडात सारला. वर्षभर ज्या गुळावरून मी त्यांच्याशी हुज्जत घालते, तोच मी त्यांना "अजून घ्या, अजून घ्या" म्हणून भरवत होते.

त्यांना रांगेबाहेर सावलीत बसवलं, मग आरोग्य विभागाच्या तंबूत नेलं. मशीनवर आकडा अजून सत्तरच्या खालीच होता. पुन्हा गूळपाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग भाकर. या गोळीचा असर लांबतो, साखर परत घसरू शकते, म्हणून तंबूतल्या डॉक्टरांनी दुपारपर्यंत हलू दिलं नाही. बसायला लागलं, आणि त्यातून एक अनपेक्षित प्रकार घडला. हवालदार बोलायला लागले. सकाळपासून डोळ्यांसमोर अंधारी येत होती. गेल्या महिन्यातही दोनदा असंच झालं होतं, शेतात. पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. उजव्या कानात शिट्टी वाजते, कारगिलपासून. काकू त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. "लगन झालं तवापासून एवढं बोलले नाई," त्या मला म्हणाल्या.

माझ्याकडे कागद नव्हता. तंबूतल्या माणसानं देणगीची कोरी पावती दिली, तिच्या पाठीवर मी लिहीत गेले. पाठ भरली, मग समोरची रिकामी जागा भरली. साहेबांनी वाकून तपासलं, एकेक ओळ, बोट फिरवत.

"गुडघ्याचं लिवलं का?"

"लिहिलं, साहेब."

"कोणता?"

"डावा."

"दोन्ही लिवा," ते म्हणाले.