नायगारा धबधब्यास खुले पत्र : विषय – पाणी कमी दाबाने येणे

नायगारा हा एक धबधबा नसून तीन आहेत. घोड्याच्या नालासारखा वाकलेला हॉर्सशू, बाजूचा सरळ अमेरिकन आणि त्याला खेटून असलेला चिंचोळा ब्रायडल व्हेल. इरी सरोवराचे पाणी ओंटारियो सरोवराकडे नेणारी नायगारा नदी इथे पन्नासहून अधिक मीटर खाली कोसळते आणि त्यातले बहुतेक पाणी हॉर्सशूच्या वाट्याला येते. प्रस्तुत पत्र तिघांच्या नावे असून विधिमंडळाच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा उल्लेख ‘सन्माननीय धबधबा’ असा एकत्रच केला आहे. पत्रलेखिका तक्रारदार दांपत्यापैकी निम्मी आहे. दुसरी बाजू मांडण्याचे बंधन तिने स्वतःवर घालून घेतलेले नाही.

तक्रारदार दांपत्य न्यू जर्सीतील एडिसनचे. अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मराठी आईवडिलांचा निळ्या प्लास्टिकच्या झग्यातला एक फोटो असतो, मागे पांढरा धुरळा. तो धुरळा म्हणजे सन्माननीय धबधबा. या दांपत्याकडे तो फोटो नव्हता, आणि भिशीपासून बारशापर्यंत सर्वत्र त्याची चौकशी होत होती. हॉटेलात पोहे करता येत नाहीत, या कारणास्तव आरव्ही भाड्याने घेण्याचे ठरले.

आरव्ही म्हणजे चाकांवरचे वन रूम किचन. यातील क्लास सी या प्रकारात व्हॅनच्या सांगाड्यावर खोली चढवलेली असते आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो. लांबी पंचवीस फूट, उंची अकरा फुटांच्या वर, गॅलनला आठ-दहा मैल. न्यूयॉर्कच्या जुन्या पार्कवेंवरील पूल बुटके असतात आणि मोबाइलमधला नकाशा गाडीची उंची विचारत नाही, तेव्हा ते रस्ते टाळावे लागतात. एडिसन ते नायगारा हे सुमारे चारशे मैलांचे अंतर फडताळातील प्रत्येक ताटवाटीच्या साथसंगतीने कापले जाते.

आरव्हीचा खरा विषय मात्र पाणी. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची (ती ग्रे) आणि तिसरी संडासाची (ती ब्लॅक). या गाडीतली स्वच्छ पाण्याची टाकी दीडशे लिटरची. कोणती किती भरली, हे भिंतीवरच्या पट्टीतील दिवे सांगतात: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. स्वच्छ टाकी संपली की आंघोळ बंद आणि ग्रे टाकी भरली तरीही आंघोळ बंद, अशी ही दुहेरी टंचाई. दोघांचे बालपण मराठवाड्यात गेल्याने अर्ध्या बादलीचा सराव होता. तरी भांडी विसळताना नवऱ्याने नळ चालू ठेवल्यावरून स्क्रॅन्टनजवळच्या थांब्यावर सुरू झालेला वाद बिंगहॅम्टनपर्यंत पुरला.

दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातले होते. रात्री पावणेअकराच्या सुमारास, दहा तासांच्या वाटचालीनंतर, दांपत्य कठड्याशी पोहोचले. पाण्यावर जांभळे-हिरवे झोत पडले होते; पाणी पडत होते. बायको म्हणाली, “एवढाच?” नवरा म्हणाला, “अंधारात कळत नाही गं.”

अंधाराचा यात काही संबंध नाही. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली या पाण्याच्या वाटपाचा करार केला. पर्यटनाच्या मोसमात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट, म्हणजे सुमारे २८ लाख ३० हजार लिटर पाणी सोडायचे. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे. मोसम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. १५ सप्टेंबरपर्यंत दिवस संपतो रात्री दहाला, त्यानंतर रात्री आठला. हे वेळापत्रक पाळता यावे म्हणून धबधब्याच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या काठापासून नदीत घुसलेला अठरा दरवाजांचा बंधारा आहे. वळवलेले पाणी बोगद्यांतून दोन्ही देशांच्या वीजघरांकडे जाते. अमेरिकेच्या बाजूला लुइस्टनला तर रात्री पंप लावून जलाशय भरून ठेवतात आणि दिवसा विजेची मागणी वाढली की तो रिकामा करतात.

थोडक्यात, रात्री मोटर लावून गच्चीवरची टाकी भरणे. ज्या दांपत्याने अर्धे आयुष्य पहाटे साडेतीनला उठून हेच केले, त्याने दीडशे लिटरच्या टाकीत काटकसर करत चारशे मैल यावे आणि इथेही नळाची वेळ टळून गेलेली असावी? दिवसाच्या प्रवाहाने ती टाकी सेकंदाला जवळजवळ एकोणीस हजार वेळा भरली असती! आणि दिवसाचा प्रवाह तरी पुरता कुठे? नदीचा सरासरी नैसर्गिक प्रवाह त्याच्या दुप्पट. म्हणजे दिवसा दाखवतात ते निम्मे आणि रात्री दाखवतात ते पाव. चतकोर धबधब्यावर जांभळा दिवा सोडून त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणायचे, ही लबाडी आहे. नगरपालिका निदान वर्तमानपत्रात ‘पाणीपुरवठा कमी दाबाने होईल’ असे छापते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. समोरून दिसणारे रूप कॅनडाच्या काठावरून दिसते आणि भारतीय पासपोर्टवर त्या काठाचा व्हिसा वेगळा लागतो. आरव्हीला पार्किंगचे पैसे जास्त पडतात. होडीत मिळणाऱ्या झग्याला खिसा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सन्माननीय धबधबा जोरात होता, इतका की होडीतून हॉर्सशूच्या पोटाशी गेल्यावर एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. नवऱ्याने सलग अकरा मिनिटे वाद घातला नाही. ही बाब धबधब्याच्या बाजूने नोंदवणे भाग आहे.

त्याच्या बाजूने आणखीही काही आहे. जून १९६९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी वरच्या बाजूला दगडमातीचा बांध घालून अमेरिकन धबधबा चक्क बंद केला, तो नोव्हेंबरपर्यंत. कड्याच्या पायथ्याशी साचलेली दगडांची रास उपसली तर धबधबा अधिक देखणा दिसेल का, हे त्यांना तपासायचे होते. दाखवायला बसवलेल्या मुलीला ‘जरा चालून दाखव’ म्हणावे, तसे. कोरडा कडा पाहायलाही लोक लोटले. अखेरीस दगड आहेत तिथेच राहू द्यावेत असे ठरले. बारा हजार वर्षे खडक झिजवत अकरा किलोमीटर मागे सरकलेला धबधबा आता पाणी कमी झाल्याने सावकाश झिजतो, आणि याला संवर्धन म्हणतात. हे वाचल्यावर बायकोचा राग धबधब्यावरून उतरला. दिव्यांच्या पट्टीवर जगणारी ती एकटी नव्हती.

परतीपूर्वी टाक्या रिकाम्या करतात. हातमोजे घालायचे, तीन इंची नळी गाडीच्या तोटीला पिळून बसवायची, दुसरे टोक जमिनीतल्या भोकात घालून पायाने दाबून धरायचे, आणि आधी ब्लॅकची झडप ओढायची, मग ग्रेची. साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम उलटा केल्यास काय होते ते नवऱ्याला आता माहीत आहे. टाकीतल्या, पातळी मोजणाऱ्या खिळ्यांना कागद चिकटला की दिवे खोटे बोलू लागतात. ब्लॅक टाकी ठणठणीत रिकामी असूनही पट्टी ‘दोन तृतीयांश’च दाखवत राहिली, आणि भाड्याने देणाऱ्याने गाडीखाली न वाकता पट्टीकडे बघून अनामत रकमेतून सफाईचे पैसे कापले.

प्रत माहितीस्तव : वरील भाड्याने देणारे.