सिग्नल नाही, सल्ले भरपूर

तारापूरला १९६९ पासून अणू फुटतो आणि त्याची वीज होते. त्याच पालघर जिल्ह्यात, एडवणच्या किनाऱ्यावर कुणी घरून काम करायला लिनक्सच्या लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला, तर दीड मीटर केबलमधून चित्र पलीकडे पोचेलच याची हमी नाही. मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो आणि झोपी जातो.

मग जाणकार जमतात. एक म्हणतो, केबल बदल. (खाऱ्या वाऱ्यात हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही.) दुसरा वेलँडच्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या प्रणालीच्या, नावाने बोटं मोडतो. खरी मेख अनेकदा वेगळीच असते. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या कित्येक लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो. तिचा ड्रायव्हर नसेल, किंवा डिजिटल सही नाही म्हणून सिक्युअर बूट या सुरक्षा-तपासणीने त्याला दारातच अडवलं असेल, तर केबल सोन्याची आणली तरी पडदा काळाच.

याच एनव्हिडियाला लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमध्ये भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं. कंपनीने लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला २०२२ साली. बोट पोचायला दहा वर्षं!

प्रतिस्पर्धी एएमडीची चिप वापरणाऱ्यांनी हसू नये. २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने एएमडीला एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर आणायला नकार दिला. अडचण तांत्रिक नव्हती, कागदोपत्री होती.

तेव्हा पुढचा लॅपटॉप घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: बाहेरचा पोर्ट नेमक्या कुठल्या चिपला जोडलाय?