चाकांवरच्या संसाराची परती : नवशिक्यांसाठी

घरदार गाडीत घालून महिनोन्‌महिने फिरायची सहल हल्ली शहरातले लोक पैसे मोजून करतात. बीड जिल्ह्यातून हीच सहल दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीसाठी करतात, आणि तीही मुकादमाकडून पैसे आधी घेऊन. त्या पैशाला उचल म्हणतात. जाणं सोपं असतं, नवखा गडबडतो तो परतीला.

परतीची तारीख आपण ठरवायची नसते. फेब्रुवारी सरला की कान कारखान्याकडे ठेवा. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की कोपी, म्हणजे राहती झोपडी, मोडायला घ्या.

पण सामान बांधायच्या आधी हिशोब. मुकादमाच्या वहीत तुमचं जोडपं 'एक कोयता' म्हणून असेल, बायकोचं नाव शोधत बसू नका. तोडलेल्या टनांतून उचल, आठवड्याची खर्ची आणि खाडे वजा होतात. ताप, पाळी, बाळंतपण यांना वहीत वेगळा रकाना नसतो, ते सगळे खाडेच. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे मोठ्याने म्हणून पाहायला हरकत नाही. एवढं करून उचल फिटली तर नशीब. नाही फिटली तर तिला बाकी म्हणतात, आणि ती ट्रॉलीत जागा न अडवता गावापर्यंत येते.

ट्रॅक्टरला ट्रॉल्या दोन. तळाला ज्वारीची पोती, पेटी, कोपीचे बांबू, त्यावर ताडपत्री, मग अंथरुणं आणि अंथरुणांवर लेकरं. कोंबड्या दुरडीखाली. शेळी शेवटी चढवा, आधी चढवली तर गोधडी तिची होते. कोयते गोणपाटात गुंडाळून लेकरांपासून लांब. मागच्या ट्रॉलीला चकाकती पट्टी लावाच, नाहीतर रात्रीच्या रस्त्यावर ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही. इथे थट्टा नाही.

प्रेक्षणीय स्थळं : कोल्हापूर-सांगलीकडून येत असाल तर पंढरपूर लागेल. ट्रॉलीतूनच हात जोडा, दर्शनबारीसाठी ड्रायव्हर थांबत नाही. नगरकडून येणाऱ्यांना जामखेड सोडल्यावर सौताड्याचा धबधबा आहे. पुस्तिकेतला फोटो पावसाळ्यातला असतो, तुमच्या वाट्याला कातळ येईल.

गावात उतरल्यावर आधी टँकर कधी येतो ते विचारा, कुलूप मग उघडा. आजीजवळ ठेवलेलं धाकटं लगेच कडेवर येणार नाही. त्याला दोन-चार दिवस द्या.

पुढे लग्नसराई. घरात लग्न असेल तर मुकादम स्वतःहून चौकशीला येईल. चहा ठेवा, रक्कम नीट मोजून घ्या. आणि तारीख काढताना भटजींना एवढं सांगून ठेवा, की दिवाळीनंतरचा मुहूर्त चालणार नाही.