दहापैकी दहा

"भाऊजी, काल मी एका गाडीला दहापैकी दहा मार्क दिले," वहिनींनी कुंपणापलीकडून सांगितलं.

"कुठल्या गाडीला?"

"ते मलाही माहीत नाही."

वहिनींकडे गाडी नाही, लायसन नाही. सांगलीत कुठेही जायचं तर त्या वडाप रिक्षा धरतात. झालं होतं असं, की दुपारी एका मुलीचा फोन आला. मॅडम, आपल्या गाडीचं सर्व्हिसिंग कसं वाटलं, दहापैकी किती द्याल? आवाज गोड होता, वहिनींनी दहा देऊन टाकले. "वॉशिंग नीट झालं का विचारलं, तर म्हटलं, लख्ख." संध्याकाळी धाकट्याला हे हसत हसत सांगितलं, पण तो काही हसला नाही. जॉबकार्डवर आईचा नंबर त्यानेच टाकला होता.

धाकटा मिरज रोडच्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. चिडून गेलेल्या गिऱ्हाइकाला कंपनीचा फोन जाऊ नये, म्हणून त्याच्या नंबराच्या जागी मित्राचा टाकायचा, मावसभावाचा टाकायचा. "ते सगळे झाले वापरून," वहिनी म्हणाल्या, "आता माझी पाळी."

"पण आठ मिळाले तर काय बिघडतं?"

"आठ म्हणजे नापास, भाऊजी! गेल्या महिन्यात एकाने आठ दिले, तर साहेबांनी ग्रुपवर ह्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, ह्याच्याकडून काय शिकू नये ते शिका."

हा हिशेब मला ठाऊक होता. फ्रेड रायकेल्ड नावाच्या अमेरिकन सल्लागाराने तो 2003 साली मांडला. मित्राला आमचं नाव सुचवाल का, एवढा एकच प्रश्न. नऊ-दहा देणारे आपले, सात-आठवाले ना इकडचे ना तिकडचे, सहा आणि त्याखालचे नाराज. कल्पना वाईट नव्हती. गिऱ्हाइकाच्या मनातलं मालकाला कळावं म्हणूनच काढलेली. पण तो आकडा पोरांच्या इन्सेंटिव्हला बांधला, की पोरं गाडी सोडून आकडाच दुरुस्त करायला बसतात.

"आणि चूक ह्याची नसतेच," वहिनी कुंपणाला टेकल्या. म्हणजे आता अर्धा तास. "पुढे काउंटरवर विकणारी पोरं सांगतात, पहिली सर्व्हिसिंग फुकट. अहो, मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे पडतातच. ते कोण सांगणार? माणूस बिल बघतो आणि ओरडतो ह्याच्यावर."

"मग सकाळच्या मीटिंगमध्ये बोलायचं की."

"बोलला होता एक जण. साहेब म्हणाले, तुला पाठवू का काउंटरवर, तू विकून दाखव. सगळे हसले. तेव्हापासून कुणाला काही अडचणच नसते. मीटिंग कशी झटपट संपते."

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे अशा झटपट मीटिंगा मला नव्या नाहीत. मार्च आला की एफडीच्या फॉर्मखाली विम्याचा फॉर्म सरकवला जायचा, आणि म्हातारी माणसं दोन्हीकडे सह्या करून जायची. कुणीच काही बोलायचं नाही, मीही नाही. वहिनींना मी अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं सांगितलं. एकेका गिऱ्हाइकाच्या गळ्यात आठ-आठ खाती, कार्डं बांधायची, असा हुकूम होता. टार्गेट गाठता येईना, तसं लोकांनी गिऱ्हाइकांना न विचारताच खाती उघडली. 2016 साली साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. बँकेने सुमारे 5,300 माणसं काढली होती. संशयास्पद खात्यांचा आकडा पुढे 35 लाखांवर गेला.

"पस्तीस लाख? आणि कुणी तोंड उघडलं नाही?"

"उघडलं ना. तक्रारीसाठी खास फोनलाइन होती. तिच्यावर फोन केला आणि नोकरी गेली, असं काहींनी नंतर सांगितलं."

"मग ती लाइन तक्रारीची कसली, तक्रार करणारा सापडायची."

वहिनींचं शिक्षण जुन्या मॅट्रिकचं. माझी मुलगी पुण्यात एचआरमध्ये आहे, तिच्या कंपनीत ह्याच विषयाचं, म्हणजे न घाबरता बोलण्याचं, ट्रेनिंग एका हॉटेलात झालं. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं, वगैरे. जेवण उत्तम होतं म्हणे. शेवटी साहेबांनी विचारलं, मोकळेपणाने कुणाला काही बोलायचंय का, आणि खिशातून पेन काढलं.

"आता मिस्त्रींचं ऐका," वहिनी म्हणाल्या. खरी बातमी ही होती, इतका वेळ राखून ठेवलेली. वर्कशॉपमध्ये एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्या हाताखालच्या पोराने ऑइल बदलताना बोल्ट जास्त आवळला, आटे गेले. दुसरीकडे असतं तर पोराने टेप गुंडाळून गाडी दिली असती. हा पोरगा सरळ मिस्त्रींकडे गेला. मिस्त्री एवढंच म्हणाले, आण इकडे. गिऱ्हाइकाला फोन त्यांनी स्वतः केला, पैसे घेतले नाहीत आणि झालेलं रजिस्टरला लिहिलं. सगळंच लिहितात ते. त्यामुळे महिन्याच्या शेवटी सगळ्यात जास्त चुका त्यांच्याच नावावर.

"आणि बाकीच्यांच्या?"

"शून्य. साहेबांनी त्यांना पेढे दिले."

मला राहवलं नाही. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंचंही अगदी हेच झालं होतं. त्यांनी दोन हॉस्पिटलांच्या वॉर्डांत औषध देण्यातल्या चुका तपासल्या. अपेक्षा अशी, की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. निघाल्या जास्त! बाई चक्रावल्या. मग उलगडलं, की तिथल्या नर्सेस चूक झाली की सांगत होत्या, बाकीच्या वॉर्डांत ती दडत होती. 1996 साली त्यांनी हे छापलं, आणि 1999 साली कारखान्यातल्या टीम तपासून त्याला सायकॉलॉजिकल सेफ्टी असं भारदस्त नाव दिलं.

"म्हणजे मिस्त्री बरोबर."

"मिस्त्री बरोबर. पण साहेबांच्या तक्त्यात शेवटी."

"म्हणूनच सोडतायत ते. स्वतःचं गॅरेज काढतायत आणि आमच्या धाकट्याला बोलावलंय. पगार तीन हजारांनी कमी."

"मग?"

"हा तयार आहे. ह्याच्या बाबांना मात्र शोरूमची काच आणि एसी दिसतो. गॅरेजवाल्याला मुलगी कोण देणार म्हणतात." वहिनींनी परडी उचलली. "संध्याकाळी चहाला या. तुमचं ऐकतात ते. आणि ती पस्तीस लाखांची गोष्ट तशीच्या तशी सांगा, मला सगळी लक्षात राहायची नाही."