पहिलेकर

पहिलेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं काहीतरी लांबलचक जर्मन असणार. पण पॉवर मेटल ऐकणाऱ्यांत ही जमात इतकी ठळक आहे, की शेवटी बारसं मीच उरकलं. कुठलाही बँड घ्या, तो पहिल्या अल्बमनंतर बिघडला असं जो मानतो, तो पहिलेकर. बँड कधी बिघडला यावर जगात वाद होतात. पहिलेकरांकडे तारीख तयार असते.

हॅम्बुर्गमध्ये जुन्या एलपी विकणाऱ्या दुकानांत ते हमखास भेटतात. पन्नाशी उलटलेली. अंगात बिनबाह्यांचं डेनिमचं जाकीट आणि त्यावर बँडांच्या नावांची इतकी ठिगळं, की मूळ कापड शोधायला पुरातत्त्व खात्याला बोलवावं लागेल. डोक्यावरचे पुढचे केस कधीच निवृत्त झालेत, मागचे मुदतवाढीवर आहेत. तुम्ही आपले भाबडेपणानं हॅलोवीनचा ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज, पार्ट वन’ खोक्यातून वर काढता आणि मागून खोकल्याचा आवाज येतो.

‘‘हा दुसरा,’’ ते म्हणतात. एवढंच. वधूपित्याला स्थळाबद्दल सावध करावं तशा सुरात.

हॅलोवीन हा हॅम्बुर्गचाच बँड, त्यामुळे पहिलेकरांचं हे दुखणं घरचं आहे. १९८५ साली ‘वॉल्स ऑफ जेरिको’ आला तेव्हा बँडमध्ये चारच जण होते. त्यांतला काय हान्सन हा गिटारही वाजवायचा आणि गायचाही. गायचा म्हणजे, पहिलेकरांच्या भाषेत, ‘प्रामाणिकपणे ओरडायचा’. १९८७च्या दुसऱ्या अल्बमात मात्र मिखाएल किस्के हा मिसरूड फुटलेला पोरगा माइकसमोर उभा राहिला. त्याचा आवाज वर जायचा आणि तिथेच बिऱ्हाड करायचा. खाली दोन्ही पायांनी बडवलेल्या बेस ड्रमची घोडदौड, मधे जोडीनं धावणाऱ्या दोन गिटारी आणि मूठ उंचावून सगळ्यांनी म्हणायचं ध्रुवपद. फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत पुढच्या कितीतरी पोरांनी पॉवर मेटलची बाराखडी याच अल्बमावर गिरवली. हे पहिलेकरांना सांगू नये.

‘‘सुरेल आहे,’’ ते कबूल करतात, पण चेहरा पडलेला. ‘‘पहिला लावला की शेजारी पोलिसांना फोन करायचे. दुसरा लावला तर शेजारीण विचारत आली, छान आहे हो, कुणाचं?’’ त्या बाईनं त्यांचं केवढं नुकसान केलं, याची तिला कल्पना नसावी.

मग हिशेब सुरू होतो. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा वजा, शेवटचा निरोपाचा तुकडा वजा, उरली सहा गाणी. त्यातलं एकच तेरा मिनिटांचं. सगळं मिळून चाळीस मिनिटंही भरत नाहीत. त्यात टीव्हीवर दाखवण्यासाठी ते तेरा मिनिटांचं गाणंही कापून आखूड केलं! आता, बँडला खरं तर दोन तबकड्यांचा जोडअल्बम काढायचा होता, बर्लिनच्या नॉइज कंपनीनं नको म्हटलं, म्हणून १९८८मध्ये दुसरा भाग वेगळा आला, हा खुलासा पहिलेकरांना पाठ आहे. पण त्यानं त्यांचं समाधान होत नाही, उलट नवीच पंचाईत होते. तो ‘पार्ट टू’ म्हणजे तिसरा अल्बम, की दुसऱ्याचंच उत्तरांग? दुकानात यावरून दोन पहिलेकरांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. दोघांनाही तो आवडत नाही, यावर मात्र पूर्ण एकमत.

एकदा मी खोडी काढली. म्हटलं, ‘जेरिको’च्या आधी १९८५मध्येच यांची पाच गाण्यांची मिनी-एलपी निघाली होती ना? मग ती पहिली आणि तुमचा ‘जेरिको’च दुसरा.

पहिलेकर थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘ती धरत नाहीत.’’

‘‘का?’’

‘‘मिनी आहे.’’

पण धरणारेही आहेत. या जमातीतही उतरंड असतेच. कोपऱ्यातला एक वयस्कर गृहस्थ १९८४च्या ‘डेथ मेटल’ नावाच्या संकलनापाशी थांबला आहे. त्यात हॅलोवीनची दोन गाणी होती आणि त्यानंतर सगळा बाजार झाला, असं त्याचं मत. पहिलेकर त्याच्यापुढे अदबीनं वागतात. त्याच्याहीवर कुणीतरी असणार, ज्यानं तळघरातली तालीम भिंतीला कान लावून ऐकली आणि बँडनं दार उघडलं तेव्हाच नाद सोडला.

पहिलेकरांचं खरं दुःख मात्र वेगळंच आहे. त्यांचा देव काय हान्सन, आणि दुसऱ्या अल्बमातली बहुतेक गाणी त्याचीच आहेत. गिटार आणि गळा दोन्ही सांभाळणं जड जातं म्हणून गायक हवा होता, तोही त्यालाच. म्हणजे देवळाची विटंबना पुजाऱ्यानं नाही, खुद्द मूर्तीनं केलेली. यावर त्यांचं उत्तर, ‘‘चूक देवाचीही होते. पण पहिल्या वेळी नव्हती झाली.’’

बाकीच्या बँडांबाबत त्यांचा नियम असाच लवचीक आहे. कच्चं ते खरं म्हणावं, तर क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनचा दुसरा अल्बम ‘फॉलो द ब्लाइंड’ पहिल्याहून जास्त खरखरीत. तिथे पहिलेकर म्हणतात, ‘‘पहिल्यात गोडवा होता.’’ ब्राझीलच्या आंग्रानं पहिला अल्बम हॅम्बुर्गला येऊन रेकॉर्ड केला, तो त्यांना चालतो. १९९६च्या ‘होली लँड’मध्ये आंग्रानं आपल्या देशाचे ताल आणि पोर्तुगीज गलबतांची गोष्ट आणली, तर ‘‘घरी गेले आणि बिघडले.’’ माझ्या मते ‘होली लँड’ पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. हे मी त्यांच्यासमोर बोललो नाही. मला त्या दुकानात अजून यायचंय.

२०१८ साली वाकेन गावच्या महोत्सवात हॅलोवीन सात जणांनिशी उभा राहिला. हान्सन परतलेला, किस्केही परतलेला, शिवाय मधल्या काळातला गायक आंडी डेरिस होताच. पहिलेकर अर्थातच हजर. ‘‘चार होते, पाच झाले, आता सात,’’ त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, ‘‘वरात आहे ही.’’ तेवढ्यात दुसऱ्या अल्बमातलं गाणं सुरू झालं आणि त्यांचा हात वर गेला. शब्द न् शब्द पाठ. गिटारीचा तुकडाही तोंडानं.

मी पाहतोय हे लक्षात आल्यावर ते कानाशी ओरडले, ‘‘नीट पाठ नसेल तर नावं कशी ठेवणार?’’ आणि पुढच्या कडव्याला, किस्केच्या बरोबर एक सप्तक खाली, पुन्हा सामील झाले.